उत्तरपक्ष जेवणानंतर

धनलक्ष्मीअक्कांनी भावाशी मराठी टाकली होती. अबोला नव्हे हो! अबोला परवडला. अक्का बोलत होत्या, सकाळ-संध्याकाळ बोलत होत्या, पण तमिळमधून. "कापी वेणुमा?" कॉफी हवी का, एवढं विचारायचं, दत्ताजींनी मान हलवली की पेला टेबलावर ठेवायचा आणि आत निघून जायचं. जन्मभर "कां रे दत्तू" म्हणून हाक मारणारी थोरली बहीण आता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलावं तशी त्यांच्याशी बोलत होती. खरं सांगायचं तर इस्त्रीवाल्याशी जरा मायेनं बोलत होती.

आणि पाण्यातला भात बंद झाला होता. रात्री उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी त्यात ताक-मीठ कालवायचं आणि वर ताकात मुरवून सुकवलेली मिरची तळून द्यायची. तंजावरात लहानपणी अक्का तो त्यांना हातावर गोळा करून द्यायच्या, चेन्नईत मैलापूरच्या या फ्लॅटमध्ये स्टीलच्या वाटीत द्यायच्या, एवढाच काय तो फरक. आता त्या जागी सूनबाईंचे ओट्स आले होते. "कोलेस्टेरॉलला चांगले असतात, बाबा," सुनेत्रा म्हणायची. दत्ताजी ते खळीसारखं गिळायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे.

सगळ्याला कारण एक वाक्य. आणि वाक्य दत्ताजींचंच होतं, हीच तर मेख होती.

दत्ताजीरावांनी उभी हयात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. जुन्या शिस्तीचे. वाद घालायचा तर आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेसुद्धा इतकं झोकात मांडायचं की समोरच्यानं म्हणावं, वा, हे मला का नाही सुचलं! मग उत्तरपक्ष, आणि त्यात त्याच म्हणण्याच्या चिंधड्या. बरं, ही रीत कॉलेजात ठेवून घरी यावं की नाही? बायको, तुळजाबाई, हयात असताना त्यांनी "सांबार वाढू की रसम?" असं विचारलं, तरी हे आधी रसमची बाजू मांडायचे, साग्रसंगीत, आणि मग सांबार मागायचे. तोवर तुळजाबाईंनी रसम वाढलेलं असायचं. जन्मभर दत्ताजींनी बिचाऱ्यांनी पूर्वपक्षच खाल्ला.

तर मागच्या मार्गळीत, डिसेंबरातल्या गाण्याच्या मोसमात, मैलापुरातल्या एका सभागृहात सकाळच्या वेळी परिसंवाद ठेवला होता: 'तंजावरची मराठी: भाषा की अवशेष?' दत्ताजी उभे राहिले, "प्रथम पूर्वपक्ष पाहू" म्हणाले आणि सुटले. तंजावरची मराठी कशी मराठी नव्हेच, तिचं हाड कसं इकडचं नि कातडं तिकडचं, अशी एकावर एक फेकत गेले. लोक हसायला लागले. आणि श्रोता हसला की दत्ताजींचं घोडं आवरत नाही. शेवटी तर त्यांनी सांगून टाकलं, "ही भाषा म्हणजे पाण्यात घातलेला शिळा भात. घरच्यानं मुकाट्यानं खावा, पाहुण्याच्या पानात वाढू नये!" अशी टाळी पडली म्हणता! ती टाळी ओसरायला आणि मोसमातल्या सभेच्या कँटीनमधून वड्यांचा वास यायला एकच गाठ पडली. अध्यक्षांनी घंटी वाजवली. "उत्तरपक्ष जेवणानंतर," ते म्हणाले.

जेवणानंतर कोण येतंय? पायसम झालं, पान झालं, निम्मे श्रोते तिथूनच घरी गेले, उरलेले खुर्च्यांत झोपले, अध्यक्षांचं विमान होतं, आणि चार वाजता हॉल गवयांना द्यायचा होता. उत्तरपक्ष राहिला तो राहिलाच.

त्या सभेत पुण्याचे वसंतराव होते. सुनेत्राचे सख्खे मामा, भाषेचे अभ्यासक. अवशेषवाल्यांचे ते पुढारी. त्यांनी त्रैमासिकात लेख लिहिला आणि त्यात ठणकावून सांगितलं, की खुद्द तंजावरी विद्वान दत्ताजीरावच म्हणतात, ही भाषा म्हणजे शिळा भात. अंक घरी आला तेव्हा सुनेत्रानं कौतुकानं, जेवणाच्या टेबलाशी, खड्या आवाजात तो वाचून दाखवला. मामांनी सासऱ्यांचं नाव छापलंय, केवढी आनंदाची गोष्ट! समोर अक्का घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी निवडलेल्या शेंगा उचलल्या, न निवडलेल्यांत ओतल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या घरात दत्ताजींना मराठी ऐकू आली ती फक्त सुनेची, तीही ओट्सबद्दल.

आज तमिळ पुरट्टासी महिन्यातला शनिवार. घरात व्यंकोबाची समाराधना. आणि त्याच वसंतरावांना सुनेत्रानं जेवायला बोलावलं होतं, कारण ते दुसऱ्या कसल्याशा परिसंवादाला चेन्नईत आले होते.

"बाबा, आज काही काढू नका हं," संजीवनं सकाळीच बजावलं. संजीव मोटारींच्या कारखान्यात मॅनेजर. कामगार आणि कंपनी यांच्यामध्ये बसून बसून त्याचा आवाज कायमचा समजुतीचा झाला होता. "स्वरदाला पुण्याला कॉलेजात घालायचंय. मामांच्या ओळखी आहेत तिथे. एका वाक्यासाठी एवढं काय?"

"एका वाक्यासाठी?" दत्ताजी म्हणाले. "अरे, त्या वाक्याचा धनी मी नाही!"

"बोललात तर तुम्हीच ना?"

नातीनं, स्वरदानं, कानातले हेडफोन काढून तेवढ्यात सांगितलं, "ताता, यू शुड सू हिम." आणि परत घातले. दत्ताजींनी त्रैमासिकाच्या संपादकांना पाठवायचा खुलासा दोन महिने घासूनपुसून तयार केला होता. तो मोठा झाला होता, कारण सुरुवातीला वसंतरावांची बाजू मांडणं क्रमप्राप्त होतं.

वसंतराव आले ते घामानं निथळत, हातात टी. नगरच्या दुकानाची भलीमोठी पिशवी. "बायकोनं कांजीवरम सांगितली होती," म्हणून हसले. गोरेगोमटे, गुटगुटीत, स्वभावानं अगदी गोड माणूस. शत्रू असा गोड असला की फार पंचाईत होते. दत्ताजींनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि संजीव डोळ्यांनी खुणावत असतानाही काढायचं ते काढलंच.

"वसंतराव, ते शिळ्या भाताचं वाक्य माझं नव्हे."

"असं कसं? मी स्वतः ऐकलं. शब्दन् शब्द आपला आहे."

"शब्द माझे, मत तुमचं. तो पूर्वपक्ष होता. मी सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं."

"सुरुवातीला मी नव्हतो," वसंतराव निर्मळपणे म्हणाले. "रिक्षावाल्यानं भलत्याच सभागृहात नेऊन सोडलं. तिथे तासभर वीणा ऐकली. आपल्याकडे पोचलो तेव्हा आपण अगदी रंगात होता! पण मी लबाडी केलेली नाही हो. वाक्याच्या आधी टिंबं दिलीत, नंतरही टिंबं दिलीत. जे राहिलं ते सगळं टिंबांत आलं."

"माझा सिद्धांत टिंबांत?"

"तीन-तीन दिलीत," वसंतराव म्हणाले. "कंजुषी केली नाही."

दत्ताजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणा, त्यात सुनेचा मामा, त्यात देवाचा दिवस. ते पाणी प्यायले. आतून पुरणाचा वास येत होता, कढईत वडे चुरचुरत होते आणि अक्का कोणाला तरी तमिळमधून भराभर कामं सांगत होत्या. ते ऐकताना दत्ताजींना आपली विद्वत्ता वगैरे काही आठवेना. घरात असून कोणी नसल्यासारखं झालं होतं त्यांना.

बारा वाजून गेले. केळीची पानं मांडली, देवापुढचं पान वाढून झालं. आणि मग सगळे अक्कांकडे बघत उभे राहिले. या घराण्याची एक चाल होती. मंत्र, आरती, नैवेद्य सगळं झालं तरी जेवायला बसायच्या आधी घरातली वडील बाई देवाला नावानं हाक मारून जेवायला बोलवायची. आपल्या घरच्या बोलीत, शेजारच्या पोराला बोलवावं तशी. त्या हाकेशिवाय कोणी पानाला हात लावायचा नाही. अक्कांच्या आधी आई मारायची, आईच्या आधी आजी.

अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. वसंतरावांकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि तमिळमधून शांतपणे काहीतरी बोलून त्यांनी पाटावर बैठक मारली.

"काय म्हणाल्या?" वसंतरावांनी विचारलं.

स्वरदानं हेडफोन गळ्यात घेतले. तिचं मराठी असं, की इकडून वीट आणि तिकडून सिमेंट. "पाटी, आय मीन आजी, म्हणते, तिचा लँग्वेज शिळा आहे. देव पाहुणा आहे. पाहुण्याला शिळा वाढायचं नाही असं तातानं सांगितलंय. सो, पुण्याचे मामा बोलवू देत. फ्रेश."

संजीवनं कपाळाला हात लावला. "अत्ते, प्लीज. पुरण निवतंय." अक्कांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भुकेली पोरं-थोरं सगळी ताटकळत उभी. शेवटी वसंतराव, भला माणूस, घसा साफ करून पुढे झाले.

"हे भगवंता," ते म्हणाले, "आजच्या या मंगल प्रसंगी आपण भोजनास उपस्थित राहावे, अशी आम्हा सर्वांच्या वतीने नम्र विनंती."

कोणी हललं नाही. सुनेत्रा तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"वरलै," अक्का म्हणाल्या.

"नाही आला," स्वरदानं सांगितलं.

"कशावरून?" वसंतराव जरा दुखावले होते.

"मामा, खरं सांगू?" सुनेत्रा वळली. डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं, पण आवाज गंभीर होता. "नगरपालिकेच्या नोटिशीला मीसुद्धा आले नसते. आणि आता बोलतेच आहे तर ऐका. या घरात अर्धं ऐकणाऱ्याचं नुकसान होतं. संजीवनं माझ्याशी लग्न करतो म्हणून सांगितलं तेव्हा बाबा अर्धा तास बोलत होते. महाराष्ट्रातली मुलगी इथे का येऊ नये, तिला सांबार कसं चालणार नाही, तमिळ कसं जमणार नाही, घर कसं मोडेल. हा निम्म्यातच उठला, बॅग भरली, रडत स्टेशनवर गेला. अक्कांनी मागे माणूस धाडून परत आणला. कशाला? तर शेवटचं वाक्य ऐकायला. 'म्हणून तिलाच आणावी.' तुम्ही ना मामा, स्टेशनवरूनच लेख लिहिलात."

आजवर या घरात सुनेत्रा तंजावरी बोलीला मनातून हसत आली होती, हे दत्ताजींना ठाऊक होतं. तीच आज त्यांच्या बाजूनं उभी राहिली आणि सख्ख्या मुलानं पाहुण्याला वारा घालायला घेतला. नाती अशी बसल्या जागी पाट बदलतात.

अक्कांनी मान वर केली. स्टेशनची आठवण त्यांनाही असणारच. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि तमिळमधूनच विचारलं, मग त्या सभेतलं पुढचं काय होतं? सांग ना. आता सांग.

दत्ताजींनी उपरणं सारखं केलं. "त्याचं असं आहे, अक्का," ते व्याख्यानातल्या मराठीत म्हणाले. "या प्रश्नाचे तीन भाग पडतात. पैकी पहिल्या भागात विरोधकांचं म्हणणं असं, की..."

"पोदुम्!" अक्का कडाडल्या. पुरे.

दत्ताजी उघड्या तोंडानं उभे राहिले. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की गेले दोन महिने आपण संपादकाला समजावतोय, वसंतरावांना समजावतोय, मनातल्या मनात उभ्या पुण्याला समजावतोय; ज्या एका माणसाला लागलं तिच्याजवळ जाऊन एक अक्षर बोललो नाही. त्यांनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं आणि अक्कांच्या पाटासमोर खाली बसले. गुडघे कुरकुरले. तोंडातून निघाली ती व्याख्यानातली मराठी नव्हती. पाहुण्यासमोर ते जी कधी बोलत नसत, ती होती.

"अक्का, मी संस्कृतांतलं तर्कशास्त्र शिकवलों, इंग्रजींत पगार घेतलों, तमिळांत बाजार केलों. पण मज राग येतो तो ह्याच भाषेंत, रडूं येतं तेंही ह्याच. आई गेली तेव्हां तूं मज कवळून 'दत्तू, उगी की' म्हणालीस. ते दुसऱ्या कुठल्या भाषेंत म्हणतीस तर मी उगी राहतों का? तुझ्यामागं मज दत्तू म्हणायला कोण अहे सांग? तूं बोलेनास, तर हे घर मज परकं झालं. एवढंच. हाच उत्तरपक्ष."

अक्कांनी भावाच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"हें तिथं कां सांगटलं नाहींस, मेल्या?"

मराठी! दत्ताजींना वाटलं, कोणीतरी छातीवरची धोंड उचलली.

"जेवायची वेळ झाली होती," ते म्हणाले.

अक्का खळखळून हसल्या. हसता हसता डोळे पुसले, उठल्या आणि वसंतरावांसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ऐका हो पुणेकर. शिळं तर शिळं! शिळा भात टाकत नाहींत, पाणी घालून जपतात. चित्तिरैच्या उन्हांत पोट कोण निववतं? तुमची ताजी पोळी? आमचे वाडवडील तुमच्याकडनं आणलेला भात एवढी वर्षं पाण्यांत राखले, म्हणून तो अजून भात अहे. नाहींतर कधींच वाळून खडा झाला असता. कळलं?"

"कळलं," वसंतराव म्हणाले. खरोखरच त्यांना गहिवरून आलं होतं. "दत्ताजीराव, मी चुकलो. पुढच्याच अंकात खुलासा छापतो. शब्द देतो."

अक्का देवापुढे गेल्या. हात जोडले नाहीत, की डोळे मिटले नाहीत. दारातून बाहेर डोकावून पाहिलं आणि हाक मारली, "व्यंकोबा! ये रे बाबा, ये. उन्हांतनं आलास, पाय धू. पान वाढून झालं. तुझ्यामागं लेकरं भुकेलीं अहेत. लाजूं नको, बस. कमी पडलं तर माग, आं?"

देव आला असावा, कारण सगळे धडाधड बसले. वसंतराव सगळ्यांत आधी बसले, वडे मागून मागून घेतले, आणि मधूनच डाव्या हातानं खिशातलं पेन काढून बसच्या तिकिटावर काहीतरी टिपून ठेवलं. संजीवला वाटलं, कॉलेजातल्या ओळखीचं नाव लिहून देताहेत. त्यानं त्यांना आणखी एक पुरणपोळी आग्रहानं वाढली.

कार्तिकात अंक आला. या वेळी सुनेत्रानं तो आधी मनात वाचला, आणि तिचा चेहरा पाहूनच दत्ताजींनी चष्मा शोधायला घेतला. वसंतराव शब्दाला जागले होते. खुलासा छापला होता, तळटिपेत:

"मागील लेखातील अवतरणावर दत्ताजीरावांचा आक्षेप आहे. तथापि खुद्द त्यांच्याच घराण्यातील एका ज्येष्ठ विदुषींनी प्रस्तुत लेखकासमोर '...शिळं तर शिळं!...' अशी मनमोकळी कबुली दिली, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे."

दोन्ही बाजूंना टिंबं होती. तीन-तीन. कंजुषी नव्हती.

"हा माणूस आहे की कोण!" दत्ताजी उठले. "अक्काच्या तोंडी! माझ्याबद्दल काही म्हटलं असतं तर सोसलं असतं, पण अक्काच्या? स्वरदा, कागद आण. आज याला सोडत नाही. प्रथम पूर्वपक्ष..."

"काय झालं रे?" अक्का आतून आल्या. सुनेत्रानं चाचरत तळटीप वाचून दाखवली. दत्ताजी बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. आता ही कोणत्या भाषेत बोलणार?

"विदुषी म्हणाला?" अक्कांनी विचारलं.

"हो. ज्येष्ठ विदुषी."

"बरा अहे की मग," अक्का म्हणाल्या. त्यांनी ओट्सचा वाडगा बाजूला सारला आणि स्टीलची वाटी भावापुढे ठेवली. ताक घातलेला भात, वर तळलेली मिरची. "खा, दत्तू. आतां आपण दोघंही त्याच्या टिंबांत."

"पण अक्का, उत्तर द्यायला नको?"

"दे की," अक्का त्यांच्या शेजारी टेकल्या. "जेवल्यावर."